कै. रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत अहवाल, जमाखर्च, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि देणगीदारांचे आभार यांच्या जोडीला एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात पूर्वापार चालत आला आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आजवर या पानांवर संत, समाजसुधारक, देशभक्त आणि दानशूर व्यापारी यांची चरित्रे आली. आम्ही मात्र सिनेमाच्या एका संगीतकाराचे चरित्र लिहिणार, हे कळताच मंडळातील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते आम्हास अपेक्षितच होते. कारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणी असा विषय काढला असता, तर आमच्याही कपाळाला आठ्या पडल्याच असत्या.

चरित्रनायक आपल्या ज्ञातीचा आहे की नाही हे पाहून आम्ही ही निवड केलेली नाही. निवडीचे कारण निराळे आहे. दरवर्षी २६ जानेवारीस व १५ ऑगस्टला गावोगावच्या शाळांतून, कचेऱ्यांतून व चौकांतून एक गीत ध्वनिक्षेपकावर लागते. १९६२ च्या युद्धात हिमालयाच्या बर्फात देह ठेवलेल्या जवानांचे ते स्मरणगीत आहे. शाळेत असताना आम्ही मुलांना दरवर्षी विचारीत असू, की हे गीत कोणाचे? लता मंगेशकरांचे नाव सारा वर्ग एका सुरात सांगे. एखादा हुशार मुलगा कवी प्रदीप यांचे नाव घेई. परंतु चाल कोणी बांधली, असे विचारले की वर्ग गप्प होई. ज्याने शब्दांना देह दिला त्याचेच नाव कोणास ठाऊक नसावे, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. ती उणीव थोडीफार भरून निघावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

जन्म व शिक्षण

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर असे झाले आहे. गोदावरीच्या काठचे हे गाव महाराष्ट्रास चांगदेवांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. लहानपणापासून रामचंद्रांचा ओढा गाण्याकडे. पुढे त्यांना गांधर्व महाविद्यालयात पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शास्त्रोक्त गायनाची तालीम मिळाली. विनायकबुवा हे पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. काँग्रेसच्या अधिवेशनांतून वंदे मातरम् गाणारे आणि प्रतिष्ठित घरांची दारे संगीतास उघडून देणारे ते हेच पलुस्कर. गाणे हे राष्ट्राच्या कामी येऊ शकते, हा संस्कार ज्या परंपरेत होता त्याच परंपरेत आमच्या चरित्रनायकाचे पहिले धडे झाले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे घडले त्याचे मूळ तेथे आहे, असे आम्हास वाटते.

अपयशाची पहिली पायरी

गाणाऱ्या व दिसावयास देखण्या तरुणांना त्या काळी बोलपटांची मोठी ओढ असे. १९३५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, वाय. व्ही. राव यांच्या नागानंद या चित्रपटात रामचंद्रांना थेट नायकाची भूमिका मिळाली. परंतु चित्रपट चालला नाही. पहिल्याच पावलाला ठेच लागली. त्यानंतर सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या संस्थेत त्यांनी किरकोळ भूमिका केल्या. ज्याने नायक म्हणून पडद्यावर पाऊल टाकले त्याने गर्दीत उभे राहावयाचे, हा प्रसंग मानी मनुष्यास सोसणे कठीण. पुष्कळांनी घरचा रस्ता धरला असता. रामचंद्रांनी तसे केले नाही. त्याच संस्थेच्या संगीत विभागात ते पेटी वाजविण्यास बसले.

पेटीवाल्याची जागा ही मानाची जागा नव्हे. संगीत दिग्दर्शक चाल सांगतो, गायक ती गातो, आणि पेटीवाला दोघांच्या मध्ये बसून ती पुन्हा पुन्हा वाजवितो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तर पेटी हे परके व बेसूर वाद्य ठरवून तिला आपल्या केंद्रांवर बंदीच केली, आणि ती बंदी कित्येक वर्षे टिकली. परंतु ज्यास शिकावयाचे आहे त्यास हीच जागा पाठशाळा होते. चाल कशी जन्मास येते, ती गळ्यास कोठे जड जाते, दोन ओळींच्या मधली जागा कशी भरावयाची, हे सारे रामचंद्र तेथे शिकले. नट होण्यास आलेला तरुण संगीतकार होऊन बाहेर पडला.

याच सुमारास त्यांचा स्नेह भगवान आभाजी पालव यांच्याशी जडला. हेच पुढे मास्टर भगवान म्हणून प्रसिद्ध झाले. मुंबईच्या गिरणगावातील या हरहुन्नरी गृहस्थाने आपल्या मित्रावर विश्वास टाकला. भगवान यांनी दिग्दर्शित केलेल्या जयक्कोडी व वनमोहिनी या दोन तमिळ चित्रपटांना रामचंद्रांनी संगीत दिले. मराठी मुलाने आपली पहिली स्वतंत्र कामगिरी तमिळ भाषेत करावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. त्यानंतर १९४२ साली भगवान यांच्याच सुखी जीवन या हिंदी चित्रपटापासून त्यांची खरी वाटचाल सुरू झाली. स्नेही त्यांना अण्णा म्हणत. आम्हीही यापुढे तेच नाव योजितो.

जॅझ आणि मुंबई

अण्णांचे नाव ज्या संगीतामुळे प्रथम गाजले त्याविषयी येथे थोडे सांगणे प्राप्त आहे. कारण आपल्या पिढीतील अनेकांनी जॅझ हा शब्द ऐकला असला तरी त्याचा इतिहास सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. तेथील काळ्या लोकांत, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांना गुलाम करून आफ्रिकेतून आणले होते त्यांच्यात, विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत आकारास आले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन ही मूळची पलटणीच्या बँडची वाद्ये त्यांनी आपली केली, आणि आपल्याकडील गवई जसा बंदिशीचा आधार घेऊन जागच्या जागी विस्तार करतो, तसा विस्तार ते या वाद्यांवर करू लागले. त्या शहरात एक रिवाज होता. कोणी वारले की बँड प्रेतयात्रेपुढे चाले. स्मशानभूमीकडे जाताना तो अत्यंत संथ व करुण भजने वाजवी, आणि परतताना तोच बँड तीच वाद्ये घेऊन नाचावयास लावणारे सूर वाजवी. शोक आणि उल्लास यांसाठी निराळे वादक लागत नसत.

हे संगीत मुंबईस आले ते बड्या हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग आणखीही वादक आले. त्यांचे ऐकून शिकले ते प्रामुख्याने गोव्याचे वादक. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन व पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत असत. परंतु विद्या असली तरी पोट भरण्यास वाव नव्हता. म्हणून हे वादक मुंबईस येत. रात्री हॉटेलात व दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात त्यांना काम मिळे. आपले संगीतकार चाल कंठस्थ ठेवीत. ती वीस-पंचवीस वाद्यांना वाटून कागदावर मांडण्याचे काम हे गोमंतकीय करीत. हिंदी चित्रपटसंगीताच्या भव्य वाद्यमेळाचा पाया असा घातला गेला. पडद्यावर मात्र त्यांची नावे क्वचितच झळकली.

अण्णांचे मोठेपण असे, की त्यांनी या वादकांना केवळ मजूर मानले नाही. बार्देशातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट या नावाने मुंबईत गाजत होते. अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगचा त्यांनी आदर्श ठेवला होता. अण्णांनी त्यांना आपले साहाय्यक केले. पुणतांब्याचा गांधर्व महाविद्यालयातील विद्यार्थी आणि हळदोण्याचा जॅझवादक एका खोलीत बसून चाली रचीत होते. एकाजवळ राग व लोकगीत, दुसऱ्याजवळ स्वरलेखन व ताल. दोघांच्या देवाणघेवाणीतून जे निघाले ते साऱ्या हिंदुस्थानाने डोक्यावर घेतले.

कीर्तीचा काळ

१९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, फिल्मिस्तानचा शहनाई हा चित्रपट आला. चित्रपटाचे नाव मंगलवाद्याचे, पण त्यातले जे गीत सर्वांच्या तोंडी झाले ते रविवारच्या भेटीचे, गिटार, माउथ ऑर्गन व शिट्टीच्या साथीवर चालणारे. १९४९ साली पतंगा आला. त्यातील रंगूनहून येणाऱ्या टेलिफोनचे गीत आजही आजीआजोबांच्या स्मरणात आहे. १९५१ साली मित्र भगवान यांच्या अलबेला चित्रपटाने तर कहर केला. बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांचा त्यात मनसोक्त वापर होता. चिक चॉकलेट व त्यांचे वादक त्यातील एका गीतात पडद्यावरही दिसले. त्याच चित्रपटात अण्णांनी चितळकर या नावाने स्वतः गायनही केले, आणि त्याच चित्रपटात एक अंगाईगीतही असे आहे, की ऐकता ऐकता मूल खरोखर झोपी जावे. १९५७ सालच्या आशा या चित्रपटातील एक गीत मुलांच्या आट्यापाट्यांतल्या मोजणीसारख्या निरर्थक शब्दांवर बांधलेले आहे. त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात दोन कोंकणी शब्दही घातले, आणि साऱ्या देशाने अर्थ न कळता ते म्हटले.

एवढ्यावरून कोणी अण्णांना केवळ पाश्चात्त्य चालींचे संगीतकार समजेल, तर ते चुकेल. १९५३ सालच्या अनारकली चित्रपटात त्यांनी बागेश्रीसारख्या रागाचा जो उपयोग केला तो ऐकून शास्त्रीय संगीताचे रसिकही तृप्त झाले. १९५५ सालच्या आझाद चित्रपटासाठी त्यांनी कोइमतूरच्या निर्मात्यांचे काम स्वीकारले आणि त्यात दिलीपकुमारांसाठी स्वतःचा आवाजही दिला. १९५९ साली व्ही. शांताराम यांच्या नवरंग चित्रपटास त्यांनी जे संगीत दिले ते सर्वस्वी या मातीतले आहे. होळी, पखवाज, घुंगरू यांचा त्यात नुसता वर्षाव आहे. एकच मनुष्य अलबेला व अनारकली ही दोन्ही करू शकतो, याचे रहस्य एवढेच, की त्याचा पाया पक्का होता.

टीका

परंतु लोकप्रियतेच्या मागोमाग निंदा येतेच. त्या काळी सुशिक्षित समाजात सिनेमाची गाणी म्हणजे तरुणांना बिघडविणारी वस्तू, असे मत होते. त्यातही इंग्रजी बाजा वाजला की संस्कृती बुडाली, असे म्हणणारे पुष्कळ. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. ते स्वतः महाराष्ट्रीय व शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोते कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे वळले. पुढे १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा ही गीते परत घरी आली.

डॉ. केसकरांचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणणार नाही. शास्त्रीय संगीतास त्यांनी मोठा आश्रय दिला. अण्णांवरील टीकाही सर्वस्वी निराधार नव्हती. परदेशी नृत्यगीतांची छाया त्यांच्या काही चालींवर पडलेली दिसते. प्रश्न एवढाच आहे, की हलकेफुलके लिहिणारा वा गाणारा मनुष्य मनानेही हलका असतो काय? या प्रश्नाचे उत्तर काळाने १९६३ साली दिले.

देशभक्तीची गीते

अण्णांचा देशभक्तीच्या गीतांशी संबंध एका रात्रीत आला नाही. १९५० सालचा समाधी हा चित्रपट नेताजींच्या आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा. कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांच्या चालीचे त्या सेनेचे सुप्रसिद्ध संचलनगीत त्यात होते, आणि लॅटिन अमेरिकन थाटाचे एक खेळकर नृत्यगीतही त्यातच होते. दोन्हींचे संगीत दिग्दर्शक एकच. १९५४ सालच्या नास्तिक चित्रपटात फाळणीच्या यातनांनी होरपळलेल्या मनुष्याची कथा होती. त्यासाठी कवी प्रदीप यांनी मनुष्याच्या अधःपतनावर एक गीत लिहिले. ते प्रदीप यांनी स्वतःच गायिले. चाल अण्णांची होती. पुढे तलाक (१९५८) व पैगाम (१९५९) या चित्रपटांतही प्रदीप यांची स्वातंत्र्याची व बंधुभावाची गीते अण्णांनी स्वरबद्ध केली.

कवी प्रदीप हे मध्य भारतातील बडनगरचे. त्यांचे मूळ नाव रामचंद्र नारायण द्विवेदी. म्हणजे कवीही रामचंद्र आणि संगीतकारही रामचंद्र. दोघांचा स्वभाव व वळण निराळे; परंतु साध्या शब्दांस साधी चाल द्यावी, म्हणजे ती शेतकऱ्याच्या व हमालाच्याही तोंडी बसते, हे दोघांनाही नेमके उमगले होते.

दिल्ली, २७ जानेवारी १९६३

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले, परंतु देशाचे मन पार खचले होते. लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर रोजी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँ पलटणीच्या सुमारे १२० जवानांच्या तुकडीने शेवटच्या गोळीपर्यंत लढत दिली, आणि त्यांतील बहुतेक सर्व कामास आले. या बातम्यांनी प्रदीप व्याकूळ झाले. मुंबईस माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरत असता त्यांना गीताच्या पहिल्या ओळी सुचल्या. जवळ कागद नव्हता; तेव्हा त्यांनी त्या सिगारेटच्या पाकिटातील कागदावर उतरविल्या.

दिल्लीस नॅशनल स्टेडियमवर प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी चित्रपटव्यवसायातील मंडळींचा कार्यक्रम व्हावयाचा होता. त्यासाठी हे गीत ठरले आणि चाल अण्णांकडे आली. आता गाणार कोण? अण्णा व लताबाई यांनी मिळून पूर्वी शेकडो गीते दिली होती, परंतु मध्यंतरी दोघांत अंतर पडले होते, आणि काही वर्षे त्यांनी एकत्र काम केले नव्हते. आरंभी हे गीत आशाबाई भोसले यांनी गावे, असा विचार होता. अखेरीस ते लताबाईंकडे आले. जुना दुरावा दोघांनीही बाजूस ठेवला. तालमीस वेळ उरला नव्हता. अण्णा आधीच दिल्लीस गेले होते. त्यांनी दिलेली ध्वनिफीत लताबाईंनी विमानप्रवासात ऐकली व गीत बसविले. देशाचे काम निघाले असता घरातील दोन माणसांनी आपला अबोला विसरावा, तसे हे झाले. आपल्या मंडळातही अबोले पुष्कळ आहेत. अधिक काही लिहीत नाही.

चालीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. देशभक्तीचे गीत म्हटले की ढोल, ताशे, आवेश व आरोळी, अशी आपली समजूत असते. अण्णांच्या हाताशी तर मुंबईतले उत्तमोत्तम ट्रम्पेटवादक होते. परंतु येथे त्यांनी सारा थाट आवरला. आरंभी गायिका तालावाचून, एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलावे तशी बोलते. मग ताल येतो तोही संथ, पावले जड झालेल्या संचलनासारखा. वाद्ये शब्दांवर चढत नाहीत. आणि अखेरीस समूहाचा आवाज येतो तो जयघोषाचा असूनही त्यात गर्व नाही, नमस्कार आहे. वाद्ये केव्हा वाजवावीत हे पुष्कळांस कळते. ती केव्हा गप्प ठेवावीत हे फार थोड्यांस कळते. ज्याने वाद्यांचा उत्सव केला होता त्यालाच त्यांचे मौन साधले.

राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन व पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत २७ जानेवारी १९६३ रोजी हे गीत प्रथम गायिले गेले. पंडितजींचे डोळे पाणावले, हे सर्वश्रुत आहे. पराभवाने मान खाली गेलेल्या राष्ट्रास उघड रडण्याची मुभा या गीताने दिली, आणि रडून झाल्यावर मान वर करण्याचे बळही दिले. ज्याने हे गीत लिहिले ते प्रदीप मात्र त्या दिवशी दिल्लीस नव्हते. त्यांनी या गीताचे मानधन युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीस देऊ केले होते. पुढे त्याविषयी तंटा उपस्थित होऊन २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीस त्या निधीत दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला.

उत्तरायुष्य

एवढे यश मिळाल्यावर कोणास वाटेल, की यानंतर अण्णांकडे निर्मात्यांची रीघ लागली असेल. घडले उलटेच. साठच्या दशकात रंगीत चित्रपटांचे व नव्या संगीतकारांचे युग आले. अण्णांचे चित्रपट कमी कमी होत गेले. स्वतः चित्रपटनिर्मिती करण्याचा प्रयत्न त्यांनी पूर्वीच करून पाहिला होता; झांझर, लहरें व दुनिया गोल है हे ते चित्रपट. त्यातही हाती फारसे काही लागले नव्हते.

परंतु या काळात ते मराठीकडे वळले, हे आपले भाग्य. ग. दि. माडगूळकर यांच्या गीतगोपाल या काव्यास त्यांनी चाली दिल्या व ती पदे स्वतः गायिली. घरकुल या मराठी चित्रपटाचे संगीत त्यांचे. वडील व मुले यांच्या लाडक्या भांडणाचे त्यातील गीत आजही लहान मुलांच्या स्नेहसंमेलनात होते. मराठी चित्रपटांत त्यांनी भूमिकाही केल्या. म्हणजे नागानंदच्या वेळी मोडलेली हौस पन्नाशीच्या घरात थोडीशी पुरी झाली. १९७७ साली माझ्या जीवनाची सरगम हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. चौसष्ट वर्षे पुरी होण्यास एक आठवडा उरला होता. त्यांचे जुने साथी चिक चॉकलेट १९६७ सालीच गेले होते.

समारोप

आता आरंभी म्हटलेल्या गोष्टीकडे वळतो. आम्ही शाळेत असताना सातवीच्या वर्गात एक गरीब घरचा मुलगा होता. गणितात तो जेमतेम; परंतु शाळेच्या प्रार्थनेच्या पेटीवर मधल्या सुट्टीत सिनेमाची कोणतीही चाल हुबेहूब काढी. एके दिवशी तो असेच एक उडते गीत वाजवीत असता आम्ही तेथे गेलो. चार मुलांदेखत त्यास फार बोललो. पेटी ही देवाच्या प्रार्थनेची वस्तू आहे, तमाशाची नव्हे, असा आमच्या बोलण्याचा आशय होता. त्याने मुकाट्याने भाता मिटला, आणि पुन्हा कधी त्या पेटीस हात लावला नाही. आम्हास तेव्हा आपण शिस्त लावली असेच वाटले. तो मुलगा वाजवीत असलेली चाल सी. रामचंद्रांची होती, आणि त्याच आठवड्यात आम्ही स्वतः प्रजासत्ताक दिनासाठी जी तबकडी कपाटातून काढून ठेवली होती ती चालही सी. रामचंद्रांचीच होती, हे आम्हास पुष्कळ वर्षांनी, त्यांचे चरित्र वाचताना कळले. वाचताना आम्ही पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो.

२९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीस विजय चौकात सैन्यदलांच्या बँडचा जो वार्षिक समारोपसोहळा होतो, त्यात वर्षानुवर्षे वाजविले जाणारे एक इंग्रजी प्रार्थनागीत बाजूस ठेवून त्याच्या जागी अण्णांची ती चाल वाजविण्यात आली. इंग्रजी गीत काढावे की ठेवावे यावर तेव्हा बराच वाद झाला. त्यात आम्ही पडत नाही. आम्हास दुसरीच गोष्ट दिसली. परकी म्हणून हिणविली गेलेली ती पितळी व फुंकीची वाद्ये, जी एके काळी अण्णांनी नाचगाण्यासाठी घेतली म्हणून लोक नावे ठेवीत, तीच आज जवानांच्या हाती होती, आणि त्यांतून पुणतांब्याच्या मुलाने बांधलेली चाल निघत होती. वाद्य परके नसते आणि चाल हलकी नसते. ती कोणत्या प्रसंगी, कोणत्या मनाने योजिली जाते यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या मंडळातर्फे दरवर्षी शालान्त परीक्षेत उच्च श्रेणी मिळविणाऱ्या, तसेच वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांस प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. ते योग्यच आहे. आमची कार्यकारिणीस नम्र सूचना एवढीच, की यापुढे एक शिष्यवृत्ती संगीत शिकणाऱ्या मुलास वा मुलीस द्यावी. मग ते मूल तंबोरा घेऊन बसो की ट्रम्पेट घेऊन. या कामी आरंभ म्हणून आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून ५,००१ रुपये मंडळाच्या खजिनदारांकडे जमा केले आहेत. आणि पालकांस विनंती, की घरात एखादे मूल गुणपत्रिकेत मागे पण सुरात पुढे असेल, तर त्याच्यापुढची पेटी बंद करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते काय वाजवीत आहे, याहून ते किती खरे वाजवीत आहे, हे आधी ऐकावे.

कै. रामचंद्र नरहर चितळकर यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. पुढच्या २६ जानेवारीस ते गीत लागेल तेव्हा घरातील मुलांना ही तिन्ही नावे सांगावीत, म्हणजे आमचे हे लिहिणे सार्थकी लागेल. इति लेखनसीमा.